आपण आपल्या जागेवर हजर आहात

१

मेल्यानंतर काकांनी पंधरा दावे निकाली काढले.

मी हे वाक्य वहीत लिहिलं, पुन्हा वाचलं आणि वही मिटून ठेवली. विमा कंपनीसाठी तपास करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. जळालेली गोदामं, उलटलेले ट्रक, बुडालेल्या बोटी, सगळं पाहून झालंय. पण असलं काही माझ्यापुढे कधी आलं नव्हतं.

घडलं ते असं. दावे विभागातले सगळ्यात जुने कर्मचारी, ज्यांना सगळं ऑफिस काका म्हणायचं, ते तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये मरून पडलेले सापडले. संध्याकाळी पाच चाळीसला रेकॉर्डवाले मामा कुलपं तपासायला खाली गेले होते. काका दाराशीच पालथे पडले होते. एका हातात एक फाइल होती, दुसऱ्या हाताची नखं तुटली होती.

"हात लावला तर गारढोण," मामा मला म्हणाले. "ताई, तीस वर्षं मी त्यांना चहा दिलाय. आता रात्री डोळा लागला की ती बोटं दिसतात."

डॉक्टरांनी लिहिलं होतं: दम्याचा झटका, मृत्यू होऊन किमान दीड तास झालेला. आणि कंपनीच्या संगणकाने लिहिलं होतं: शेवटचं काम, पाच अठ्ठावीस.

पाच अठ्ठावीसला काम करणारा माणूस पाच चाळीसला दीड तासापूर्वी मेलेला कसा असेल?

पोलिसांनी झटक्यावर बोट ठेवून कागद बंद केले होते. काकांचा अपघात विमा मात्र आमच्याच कंपनीचा होता. हा मृत्यू आपोआप आला की कामाच्या जागी कशामुळे तरी आला, एवढं मला ठरवायचं होतं.

शाखेच्या साहेबांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. "डॉक्टरांचा अंदाज चुकला असणार. काम संपवून काका खाली गेले, धूळ नाकात गेली, संपलं. यंत्र खोटं बोलत नाही, ताई."

"खाली गेल्याची नोंद किती वाजताची आहे?"

साहेबांनी सिस्टिमवाल्याकडे पाहिलं. हाडकुळ्या अंगकाठीमुळे त्याला सगळे केबल म्हणत. केबलने कागद पुढे केला.

कार्ड लावून आत गेल्याची वेळ बारा बावन्न होती. त्यानंतर काकांच्या नावापुढे बाहेर आल्याची एकही नोंद नव्हती.

२

हॉलमध्ये पंधरा माणसं बसत होती, पण आवाज होता तो फक्त कळफलकांचा.

समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर पंधरा नावं. ज्याचं काम भराभर चाललंय त्याचं नाव हिरवं, रेंगाळलं की पिवळं. दहा मिनिटं बोटं हलली नाहीत की नाव लाल होऊन लुकलुकायला लागे. पंधरा मिनिटं झाली की सुरक्षारक्षक शेवटच्या कार्डाची नोंद बघून त्या माणसाला शोधायला निघे. महिन्यात तीनदा लाल झालेल्याच्या हातात पत्र पडे. सहा महिन्यांत चौघांच्या हातात पडलं होतं. मोबाइल दारातल्या कपाटात ठेवायचे. फक्त जेवणाच्या सुट्टीत, साडेबारा ते एक पाच, पडदा विझलेला असे.

काकांच्या मागच्या टेबलावरच्या गृहस्थांना मी विचारलं, "त्या दुपारी काका जागेवर होते?"

"होते." मग ते अडखळले. "असतील. नाव हिरवं होतं."

"डोळ्यांनी पाहिलंत?"

त्यांची बोटं थांबली नाहीत, मान वर झाली नाही. "ताई, मी शेवटचं डोळ्यांनी कुणाला पाहिलं तेच मला आठवावं लागेल. लवकर विचारा, माझं पिवळं होतंय."

मी चौदाही जणांना तेच विचारलं. भरदिवसा, भरल्या हॉलमध्ये, त्या खुर्चीत माणूस होता की नव्हता हे एकालाही सांगता येईना.

काकांच्या शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, एक तिशीतली बाई बसायची. तिच्या टायपिंगच्या वेगामुळे तिचं नाव टकटक पडलं होतं. एका दाव्याला तिला तीन मिनिटं पुरत. तिचे डोळे रडून सुजले होते, पण बोटं चालूच होती.

"काका कसे होते?" मी विचारलं.

"एकेक कागद भिंगातून वाचायचे. दिवसाला चार दावे, फार तर पाच. नवीन सिस्टिम आली आणि दर महिन्यात दोनदा लाल व्हायला लागले."

"आणि मग दीड महिन्यापूर्वी एकदम हिरवे?"

तिच्या बोटांनी एक ठोका चुकवला. "सवय झाली असेल त्यांना," ती म्हणाली.

मला हॉलमध्येच बसून फाइली बघायच्या होत्या. साहेब म्हणाले, "बसा, पण लॉगिन घ्यावं लागेल. रिकामी खुर्ची पडद्याला चालत नाही, शाखेची सरासरी घसरते." मला मिळाली ती काकांचीच खुर्ची. कळफलक डावीकडे, टेबलाच्या अगदी कडेला सरकलेला होता. मी तो ओढून समोर घेतला. भिंतीवरच्या पडद्यावर, काकांचं नाव पुसून झालेल्या ओळीत, माझं नाव उजळलं.

३

काकू दाराआडून आधी माझं ओळखपत्र वाचत राहिल्या, मग आत घेतलं.

"घाबरलेले होते ते," त्या म्हणाल्या. "आकडा कमी होता तेव्हा घाबरायचे ते समजत होतं. वाढल्यावर जास्तच घाबरले. म्हणाले, माझा आकडा रोज वाढतोय आणि मी काहीच करत नाहीये."

"कोण करतंय, ते म्हणाले?"

"नाही. म्हणाले, नाव घेतलं तर ते माणूस जाईल कामावरून. मग रोज दुपारी खाली जायला लागले, जुने कागद बघायला. दम्यामुळे मी नको म्हणत होते. फवारा घेऊन जा म्हटलं, तर तो ड्रॉवरमध्ये ठेवलाय म्हणाले. पाच मिनिटांचं तर काम असतं, म्हणाले."

काकांच्या हातात सापडलेली फाइल मी बरोबर नेली होती. एका शिलाई करणाऱ्या बाईचा, हात गिरणीत सापडल्याचा दावा. आदल्याच दिवशी तो नामंजूर झाला होता, काकांच्या नावाने. मूळ कागदावर पेन्सिलीने काकांचं बारीक अक्षर होतं: 'तारीख नीट वाचली नाही. मंजूर व्हायला हवा.'

आपणच नामंजूर केलेला दावा दुसऱ्या दिवशी चुकीचा ठरवायला कुणी तळघरात जात नाही. दावा काकांनी पाहिलाच नव्हता. म्हणजे दीड महिना त्यांच्या नावावर कुणी दुसराच बसत होता. आणि काकांना ते कळलं होतं.

मला वाटलं, खुनाचं कारण सापडलं.

४

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मामांना घेऊन तळघरात गेले. ते काकांचे मित्र होते, तरी मी त्यांनाही संशयितांत धरलं होतं. कागद स्कॅन झाल्यावर त्यांची रेकॉर्ड रूममधली खुर्ची गेली, त्यांना फाटकावर बसवलं. आणि सगळी दारं उघडणारं कार्ड अजून त्यांच्याकडेच होतं.

दार जाडजूड लोखंडी, आगीपासून कागद वाचवणारं. मी कार्ड लावलं, दिवे लागले, छताजवळचा हवा खेचणारा पंखा घरघरला. आत जिथे काका पडले होते तिथे दाराच्या खालच्या बाजूला रंग खरवडलेला होता. आणि दाराशेजारी भिंतीवर, छातीच्या उंचीवर, एक फिकट चौकोन. चार कोपऱ्यांत स्क्रूची चार भोकं.

"इथे काय होतं, मामा?"

मामा तोंड उघडणार तोच जिन्यावरून रक्षकाने हाक मारली, "मामा, साहेब बोलावतायत!"

"आलोच," म्हणून ते गेले. दार सावकाश, आपल्याच वजनाने बंद झालं.

मी कपाटांच्या ओळी तपासत राहिले. किती वेळ गेला कळलं नाही. एकदम दिवे गेले.

पाठोपाठ पंखा थांबला. असा काळोख मी जळालेल्या घरांतही पाहिला नव्हता. भिंत चाचपत दाराशी आले. दाराच्या आतल्या बाजूला कार्ड लावायची पट्टी होती. मी कार्ड लावलं. पट्टीवर लाल अक्षरं उमटली.

'नाकारले. आपण आपल्या जागेवर हजर आहात.'

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मी ओरडले, आवाज कागदांत जिरून गेला. मोबाइल वर कपाटात. दारावर मुठी आपटल्या तर लोखंड हूं की चूं करेना. धूळ घशाशी आली, छाती धाप टाकायला लागली, आणि मला दमा नाही. हाताला ती चार भोकं लागली आणि मी तिथेच बोटं खुपसून उभी राहिले, जणू भिंत उचकटून निघेल. त्या लाल अक्षरांच्या उजेडात मला माझीच नखं दिसत होती.

कुणीतरी वर माझ्या खुर्चीत बसलं होतं. मी जागेवर हजर होते आणि मी इथे मरणार होते.

दार उघडलं तेव्हा दीड वाजला होता. मामांनी मला खांद्याला धरून बाहेर ओढलं.

"ताई! अहो, काय झालं?"

"ते चौकोनातलं," मी धापा टाकत विचारलं, "काय होतं?"

"लाल बटण. दाबलं की दार उघडायचं, कार्ड असो नसो. साहेबांनी काढायला लावलं. लोक इथे येऊन श्वास घेत बसतात म्हणाले."

मी जिना चढून हॉलमध्ये गेले. पंधरा खुर्च्यांपैकी माझी तेवढी रिकामी होती. पडद्यावर माझं नाव हिरवंगार. निकाली दावे: चार.

आणि कळफलक डावीकडे, टेबलाच्या कडेला सरकलेला होता.

५

माझ्या डावीकडे टकटक बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

पण ती कशी असेल? काका गेले त्या दुपारी तिच्या नावावर एक पाचपासून पाच तीसपर्यंत अखंड काम होतं. तिची खुर्ची तिने सोडली नव्हती. यंत्राची साक्ष तिच्या बाजूने होती.

मी केबलला कोपऱ्यात गाठलं. "त्या दुपारचं सगळ्यांचं काम, मिनिटामिनिटाचं, छापून दे. आत्ता."

कागद घेऊन मी उपाहारगृहातल्या खिडकीशी बसले. काकांची नोंद आणि टकटकची नोंद शेजारी शेजारी ठेवली.

तिचा दावा एक पाच ते एक आठ. काकांचा एक आठ ते एक अकरा. तिचा एक अकरा ते एक चौदा. काकांचा एक चौदा ते एक सतरा. साडेचार तास एकही मिनिट दोन्ही कागदांवर एकाच वेळी नव्हतं. एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे, असं एकच माणूस चालत होतं. जुन्या नोंदींनुसार दीड महिन्यापूर्वीपर्यंत त्याच वेळात तिचे अठ्ठ्याऐंशी दावे व्हायचे. त्या दुपारी तिचे चव्वेचाळीस होते. काकांचेही चव्वेचाळीस.

तिला खुर्ची सोडायची गरजच नव्हती. नुसता हात लांब करायचा होता.

ऑफिस सुटल्यावर मी तिला जिन्याच्या वळणावर थांबवलं. खिडकीतून ऊन येत होतं, तरी ती शहारल्यासारखी उभी होती.

"आज दुपारी माझ्या नावावर चार दावे तू केलेस."

तिने लगेच मान डोलावली. "सुट्टी संपली तरी तुम्ही आला नाहीत, ताई. तुमचं नाव दहा मिनिटांत लुकलुकायला लागलं असतं. म्हटलं, नवीन आहेत, कशाला उगाच लाल..."

"पहिल्या मिनिटापासून?"

"सवय झालीय."

मी जिन्याचा कठडा घट्ट धरला. मला मारायला निघालेली बाई शोधत होते मी. इथे तर माझं भलं बघणारी उभी होती.

"काकांचंही असंच?"

"मी नवीन होते तेव्हा माझी एक मोठी चूक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली होती. तिसऱ्यांदा लाल झाले असते तर गेलेच असते. तीन वर्षं राहिली होती नोकरीची. त्यांना सांगितलं नाही मी. ते खाली कागद वाचत बसायचे, मी इथे सांभाळून घ्यायचे. त्या दिवशीही वाटलं, बसलेत आरामात वाचत. रात्री फोन आला तेव्हा कळलं. मी कुणाला बोलले नाही. लॉगिन वापरलं म्हणून काढलं असतं मला."

तिला दाराचं काहीच माहीत नव्हतं. सांगणं माझ्यावर आलं होतं.

"एक माणूस एकाच ठिकाणी असतो, असं त्या यंत्राला शिकवलंय," मी म्हणाले. "टेबलावर बोटं चालू असली की त्याच्या हिशेबी तो माणूस टेबलावर. मग खाली खोली रिकामी. म्हणून दिवे बंद, पंखा बंद. आणि कार्ड आतून लावलं तर दार नाकारतं."

ती ऐकत राहिली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी थांबले असते, तर?"

"दार उघडलं असतं. नाहीतर पंधरा मिनिटांत रक्षक खाली गेला असता."

ती पायरीवर बसली. दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली.

६

"म्हणजे प्रकरण सरळ आहे," साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची मागे रेलली. "दुसऱ्याचं लॉगिन वापरणं हा नियमभंग. तिच्यामुळे माणूस गेला. लिहून टाका."

केबल दाराशी उभा होता. मी मुद्दाम त्याला बोलावून घेतलं होतं.

"दम्याचा माणूस आत अडकला," मी म्हणाले. "त्याने कार्ड लावलं असणार, नाकारलं गेलं असणार. ते यंत्र प्रत्येक नकार लिहून ठेवतं. मला दिलेल्या यादीत एकही नाही. माझे परवाचे नकारसुद्धा त्यात नाहीत. कुठे गेले?"

"तांत्रिक बाब आहे."

"आणि आतलं लाल बटण?"

"लोक दहा-दहा मिनिटं तिथे जाऊन बसायचे! आमची शाखा शेवटून दुसरी होती. तुम्हाला कल्पना आहे, वरून रोज काय ऐकावं लागतं?" प्रथमच साहेबांच्या कपाळावर मला घाम दिसला. त्यांच्या टेबलावरही एक छोटा पडदा होता, सगळ्या शाखांचा. त्यांचं नाव पिवळं होतं.

तेवढ्यात केबल बोलला. इतक्या हळू की मला पुढे झुकावं लागलं. "बटण मी काढलं. साहेबांच्या लेखी हुकमावरून. काढताना म्हटलं होतं मी, आत कुणी अडकलं तर? साहेब म्हणाले, कार्ड आहे ना. एक माणूस एक जागा, तो नियमही त्याच आठवड्यात घातला, काका गेले त्याच दिवशी तो चालू झाला." त्याने खिशातून घड्या घातलेला कागद काढला. "नकार पुसायला लावले, ते पुसले. पण आधी छापून घेतले. चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. झोप नाही."

साहेब उठले. "तुझी नोकरी..."

"राहू दे, साहेब," केबल म्हणाला आणि कागद माझ्या हातात दिला.

तेवीस नकार होते. पहिला एक चौदाला, मग लागोपाठ सात. मग अंतर वाढत गेलं होतं. शेवटचा तीन सत्तेचाळीसला. जवळजवळ अडीच तास तो माणूस काळोखात उठत होता, कार्ड लावत होता, आपण वर जागेवर हजर आहोत हे वाचत होता आणि खाली बसत होता.

मी अहवालात लिहिलं: कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, सुटकेचं साधन हेतुपुरस्सर काढून टाकल्यामुळे झालेला अपघाती मृत्यू. बटणाचा हुकूम आणि पुसलेल्या नोंदी सोबत जोडल्या. टकटकचं नाव आणि कामही जसं होतं तसं लिहिलं, आणि खाली लिहिलं की दाराचा नियम तिला कुणीही सांगितलेला नव्हता. एक प्रत मुख्य कार्यालयाला दिली, एक पोलिसांना. चौकशी पुन्हा उघडली. साहेबांवर गुन्हा नोंदला गेला, पुरावा पुसल्याबद्दल केबलवरही. टकटकची नोकरी गेली. त्या शाखेतला पडदा महिनाभर काळा होता. नंतर पुन्हा लावला म्हणतात.

काकूंना निकाल सांगायला मी निघाले तेव्हा टकटक फाटकाशी उभी होती. "मी येते," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून नको."

काकूंच्या दारात उभं राहून तिने सगळं सांगितलं, काहीही न वगळता. शेवटी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "पावणेचारपर्यंत ते होते, काकू. माझी बोटं पाच अठ्ठावीसपर्यंत थांबली नाहीत."

काकू चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"त्यांना माहीत होतं गं, कुणीतरी करतंय ते," त्या म्हणाल्या. "तू घाईत केलेले दावे ते खाली जाऊन सुधारत होते. म्हणायचे, ते माझी नोकरी सांभाळतंय, मी त्याची कामं सांभाळतो."

टकटकने पदर तोंडात कोंबला. काकूंनी हात पुढे केला नाही, दारही लोटलं नाही.

"मला राग यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आज येत नाहीये. कधी येईल सांगता येत नाही. आला की मी तुला बोलावीन. तेव्हा यायचं. पळून जायचं नाही."

"येईन," ती म्हणाली.

पाच आठवड्यांनी, रविवारी सकाळी, काकूंचा तिला फोन आला. ती भरल्या ताटावरून उठली आणि निघाली.